दंत-प्रतिमांमधील करोटीतळाचे दुर्मीळ रचनाभेद : नोंदलेखनाची एक समीक्षा

गोषवारा : दंतवैद्यकात कोन बीम सीटी, म्हणजेच सीबीसीटी, या तंत्राचा वापर सुरू झाल्यापासून करोटीच्या तळाशी आढळणाऱ्या जन्मजात रचनाभेदांच्या नोंदी मोठ्या संख्येने प्रसिद्ध होत आहेत. प्रस्तुत लेखात या नोंदलेखनाची चिकित्सा केली आहे. 'दुर्मीळ' हे विशेषण पुष्कळदा हाडाच्या गुणधर्मापेक्षा पाहण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते, आणि पाहण्याची पद्धत नोंदवली नाही तर अशा नोंदीचा रुग्णाला उपयोग होत नाही, प्रसंगी अपायही होतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

सूचक शब्द : करोटीतळ, रचनाभेद, सीबीसीटी, आनुषंगिक निष्कर्ष, नोंदलेखन.

१. प्रस्तावना

दंतरोपणासाठी, अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा दात सरळ करण्याच्या उपचारापूर्वी घेतलेल्या त्रिमितीय प्रतिमेत जबड्याव्यतिरिक्तही बरेच काही सामावलेले असते. प्रतिमेचे क्षेत्र मोठे असेल तर नाकामागील पोकळी, मानेचे वरचे मणके, कानालगतचे हाड आणि मेंदू ज्यावर विसावलेला असतो तो करोटीचा तळ, हे सर्व एकाच संचात नोंदले जाते. दंतवैद्याने ज्या प्रश्नासाठी प्रतिमा मागवली त्याचे उत्तर थोडक्या छेदांत मिळते. उरलेले शेकडो छेद कोणी वाचावयाचे, त्यांत काही वेगळे दिसल्यास त्याला काय म्हणावयाचे आणि रुग्णाला काय सांगावयाचे, हे प्रश्न मात्र शिल्लक राहतात.

या प्रश्नांच्या अनुषंगाने गेल्या दोन दशकांत विपुल लेखन झाले आहे. त्यात एकेका रुग्णाच्या नोंदी आहेत, तसेच शेकडो प्रतिमा तपासून काढलेली प्रमाणेही आहेत. या लेखनाने दंतवैद्यकाची दृष्टी दाताच्या पलीकडे नेली, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. तथापि या लेखनाचा एक साचा तयार झाला असून त्या साच्यातून काही महत्त्वाच्या गोष्टी सातत्याने निसटतात असे दिसून येते. त्या कोणत्या, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. तंत्राची पार्श्वभूमी

इटलीतील मोझो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दंत-प्रतिमांसाठी शंकूच्या आकाराचा क्ष-किरणझोत वापरणाऱ्या सीटी यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. पाठोपाठ १९९९ मध्ये जपानमधील अराई व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान क्षेत्र टिपणारे यंत्र मांडले. नेहमीच्या सीटीच्या तुलनेत सामान्यतः कमी किरणमात्रा आणि हाडाचा बारीक तपशील ही या तंत्राची बलस्थाने होत. त्यामुळे पूर्वी केवळ मोठ्या रुग्णालयात होऊ शकणारी तपासणी दंतवैद्याच्या चिकित्सालयापर्यंत पोहोचली.

या तंत्राची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. सीबीसीटीत मऊ ऊतींमधील फरक नीट उमटत नाही आणि करड्या छटांची मूल्ये नेहमीच्या सीटीतील मूल्यांप्रमाणे घनतेचे विश्वसनीय माप म्हणून वापरता येत नाहीत. हाडातील खळगा तीत स्पष्ट दिसतो, परंतु त्या खळग्यात काय भरले आहे हे कळत नाही. करोटीतळाच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न निर्णायक असतो. म्हणजे ज्या साधनाने रचनाभेद सहज दिसू लागले, त्याच साधनाला त्यांचा अर्थ पूर्णपणे सांगता येत नाही. या विसंगतीची पुरेशी जाणीव प्रसिद्ध नोंदींत अभावानेच आढळते.

३. तीन रचनाभेद

विवेचनाच्या सोयीसाठी करोटीतळाच्या मध्यरेषेवरील तीन रचनाभेद येथे विचारात घेतले आहेत. पीयूषिका ग्रंथीच्या आसनापासून पाठीच्या कण्याच्या मोठ्या छिद्राकडे उतरत जाणाऱ्या हाडाच्या उतारास क्लायव्हस म्हणतात. जतुकास्थी आणि पश्चकपालास्थी यांच्या संयोगाने तो बनतो. गर्भावस्थेत पृष्ठरज्जूचा मार्ग याच भागातून जातो. त्यामुळे गर्भविकासाच्या काही खुणा येथे उरणे स्वाभाविक आहे.

पहिला भेद म्हणजे फोसा नॅव्हिक्युलॅरिस मॅग्ना, अर्थात नौकाकृती खळगा. क्लायव्हसच्या खालच्या पृष्ठभागावर, घशाच्या छताच्या बाजूने तो असतो. त्याच्या कडा गुळगुळीत आणि कठीण हाडाच्या पातळ थराने बांधलेल्या असतात. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर काहीही त्रास होत नाही.

दुसरा भेद म्हणजे कॅनालिस बॅसिलॅरिस मेडिअॅनस, पश्चकपालास्थीच्या मध्यरेषेतील नलिका. क्युरारिनो यांनी १९८८ मध्ये तिचे सहा प्रकार सांगितले. काही प्रकारांत नलिका आरपार असते, तर काहींत ती एका बाजूसच उघडते. आरपार नलिकेमुळे मेंदूभोवतालचा अवकाश आणि घसा यांच्यात मार्ग राहण्याची शक्यता असते. वारंवार होणाऱ्या मस्तिष्कावरणदाहाच्या काही रुग्णांत अशी नलिका आढळली आहे.

तिसरा भेद म्हणजे क्रेनिओफॅरिंजिअल नलिका. ती पीयूषिका ग्रंथीच्या आसनाच्या तळातून निघून जतुकास्थीतून घशाच्या छताकडे जाते. एबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तिचे वर्गीकरण केले. पहिल्या प्रकारात ती लहान व निरुपद्रवी असते. दुसऱ्या प्रकारात तिच्यात पीयूषिका ग्रंथीची ऊती स्थान सोडून उतरलेली असते. तिसऱ्या प्रकारात मेंदूची आवरणे वा मेंदूचा अंश बाहेर आलेला असतो, किंवा अर्बुद असते, किंवा दोन्ही असतात.

या तिन्हींच्या सीमारेषा दिसतात तितक्या स्पष्ट नाहीत. केवळ खालच्या बाजूस उघडणारी अपूर्ण नलिका आणि नौकाकृती खळगा हे एकाच उभ्या छेदात जवळजवळ सारखे दिसू शकतात. एका लेखकाने ज्यास नलिका म्हटले त्यास दुसरा खळगा म्हणेल, अशी शक्यता त्यामुळे राहते. नावाच्या या अनिश्चिततेचा परिणाम पुढे प्रमाणांच्या आकड्यांवर होतो.

४. 'दुर्मीळ' या विशेषणाची चिकित्सा

या क्षेत्रातील लेखांच्या शीर्षकांत 'दुर्मीळ' हे विशेषण वारंवार येते. ते कितपत टिकते हे आकड्यांवरून पाहता येईल. तुर्कस्तानातील जांकाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नौकाकृती खळग्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४९२ कोरड्या करोट्यांपैकी २६ मध्ये, म्हणजे ५.३ टक्क्यांत, तो आढळला. त्याच अभ्यासातील ५२५ सीटी प्रतिमांपैकी मात्र १६ मध्ये, म्हणजे सुमारे ३ टक्क्यांत, तो दिसला. पुढे २०१७ मध्ये एर्सान यांनी ७२३ रुग्णांच्या सीबीसीटी प्रतिमा तपासल्या, तेव्हा ४८ जणांत, म्हणजे ६.६ टक्क्यांत, हा खळगा आढळला.

हे तीन आकडे शेजारी ठेवल्यास काय दिसते? हातात घेतलेली करोटी, सीटीचा छेद आणि सीबीसीटीचा संच या पाहण्याच्या तीन रीती आहेत आणि प्रत्येकीचे उत्तर वेगळे आहे. हा फरक केवळ साधनामुळे पडला असे मात्र म्हणता येत नाही, कारण तपासलेल्या व्यक्तीही वेगळ्या आहेत. छेदांची जाडी किती होती, किती खोली असल्यास खळगा म्हणावयाचे, हे निकष समान असल्याखेरीज तुलना टिकत नाही. तरीही असे आकडे पुढील लेखांच्या प्रस्तावनेत एकाच ओळीत, जणू एकाच मोजपट्टीने मोजले असावेत, अशा रीतीने उद्धृत होतात.

शिवाय ६.६ टक्के म्हणजे साधारणतः पंधरा जणांत एक. नियमित मोठ्या क्षेत्राच्या प्रतिमा पाहणाऱ्यास असा खळगा महिन्यातून अनेकदा दिसू शकेल. याउलट क्रेनिओफॅरिंजिअल नलिकेचे साहित्यात वारंवार उद्धृत होणारे प्रमाण ०.४२ टक्के, म्हणजे सुमारे दोनशे चाळिसांत एक, इतके आहे. या दोहोंना एकच 'दुर्मीळ' हा शब्द लावल्याने त्या शब्दाचा अर्थच पातळ होतो.

आनुषंगिक निष्कर्षांच्या एकूण अभ्यासातही हेच आढळते. चा, मा आणि सिंक्लेअर यांच्या २००७ मधील अभ्यासात ५०० प्रतिमांत अशा निष्कर्षांचे प्रमाण २४.६ टक्के होते. प्राइस व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१२ मधील अभ्यासात ३०० पैकी २७२ प्रतिमांत, म्हणजे ९०.७ टक्क्यांत, एकूण ८८१ निष्कर्ष नोंदले गेले. पाच वर्षांत माणसाची करोटी बदलली नाही. 'निष्कर्ष' कशास म्हणावयाचे याची व्याख्या आणि तपासलेला रुग्णसमूह मात्र वेगळे होते. प्राइस यांच्या अभ्यासाचे विशेष मोल असे की, त्यांनी मोजणीवर न थांबता पुढील कृतीनुसार वर्गवारी केली. १६.१ टक्के निष्कर्षांना उपचार वा पुढील तपासणी आवश्यक होती, १५.६ टक्क्यांवर लक्ष ठेवणे पुरेसे होते आणि ६८.३ टक्क्यांबाबत काहीच करावयाचे नव्हते. 'किती' याच्यापुढे जाऊन 'मग काय' असे विचारणारा हा दृष्टिकोन करोटीतळाच्या नोंदींत क्वचितच दिसतो.

५. पाठभेद आणि रचनाभेद

या ठिकाणी वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित असलेली एक तुलना उद्बोधक ठरेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत संहितेखाली पाठभेद दिले आहेत. कोणता पाठ कोणत्या पोथ्यांत आढळतो हे तेथे चिन्हांकित असते. त्यामुळे एखादा पाठ विरळ आहे की व्यापक आहे, हे वाचकाला स्वतः पडताळता येते. पाठभेद म्हणजे लेखनिकाची चूकच असे संपादक गृहीत धरीत नाही, आणि प्रत्येक चुकीला पाठभेदाची प्रतिष्ठाही देत नाही.

करोटीतळाच्या नोंदींत नेमकी ही शिस्त अपुरी पडते. रचनाभेद सांगितला जातो, परंतु तो किती 'पोथ्या' पाहून सांगितला, त्या कोणत्या होत्या आणि त्यांची किती पाने वाचनीय होती, हे पुरेसे सांगितले जात नाही. केवळ खालच्या जबड्यापुरती घेतलेली प्रतिमा क्लायव्हसविषयी काहीच सांगू शकत नाही. अशा प्रतिमा एकूण संख्येत धरल्यास प्रमाण कृत्रिमरीत्या घटते, आणि त्या वगळल्या आहेत की नाहीत हे न सांगितल्यास वाचक अंधारात राहतो.

६. नोंदीचा साचा आणि त्यातील उणिवा

एकेका रुग्णाच्या नोंदीची रचना बहुधा ठरावीक असते. दंतोपचारासाठी आलेला रुग्ण, प्रतिमेत योगायोगाने दिसलेला भेद, एक उभा छेद, गर्भविकासाचा परिच्छेद आणि 'चिकित्सकांनी याची जाणीव ठेवावी' असा समारोप. या साच्याचे महत्त्व पूर्णतः नाकारता येणार नाही. प्रभू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदीत एका बालकाच्या नौकाकृती खळग्यातून जंतुसंसर्ग क्लायव्हसच्या हाडापर्यंत पसरल्याचे वर्णन आहे. असा संबंध मोठ्या संख्याशास्त्रीय पाहणीतून सहज हाती लागला नसता. तो एका रुग्णाच्या बारकाईने केलेल्या निरीक्षणातूनच पुढे आला.

परंतु अशा नोंदीचे पुढे जे होते ते चिंत्य आहे. 'या खळग्यातून संसर्ग पसरू शकतो' हे वाक्य नंतरच्या लेखांत संदर्भासह येत राहते आणि हळूहळू निरोगी व्यक्तीतील खळग्यालाही धोक्याची छाया चिकटते. शेकडा सहा-सात जणांत आढळणाऱ्या रचनेचा संबंध मोजक्या रुग्णांतील विकाराशी आला, एवढ्यावरून ती रचना असणे हाच धोका ठरत नाही. हा विवेक नोंदलेखनात स्पष्ट शब्दांत यावयास हवा.

दुसरी उणीव म्हणजे पाठपुराव्याचा अभाव. रुग्णाची एमआरआय तपासणी झाली की नाही, खळग्यात लसिकाभ ऊती होती, द्रवाची गाठ होती की काहीच नव्हते, वर्षभराने काय स्थिती होती, याविषयी अनेक नोंदी मौन पाळतात. सीबीसीटीची मर्यादा लक्षात घेता या मौनाचा अर्थ असा होतो की, नाव दिले गेले, परंतु निदान झाले नाही.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर होय. रुग्णाला काय सांगितले, हे या नोंदींत जवळजवळ कधीच येत नाही. येथे दोन्ही बाजूंनी चूक संभवते. नौकाकृती खळग्याची कड नीट न पाहता 'हाड झिजले आहे' असे लिहिले गेले, तर क्लायव्हसमध्ये पृष्ठरज्जूच्या अवशेषांपासून उद्भवणाऱ्या कॉर्डोमा या अर्बुदाची शंका उपस्थित होते. हे अर्बुद दहा लाख लोकसंख्येत वर्षाला सुमारे एक इतके विरळ आहे. दातासाठी आलेला माणूस मात्र कर्करोगाच्या भीतीने घरी जातो आणि पुढील तपासण्यांचा खर्च सोसतो. दात सरळ करण्यासाठी आलेल्या किशोरवयीन मुलांत जतुकास्थी व पश्चकपालास्थी यांच्यामधील कूर्चेचा सांधा अद्याप मिटलेला नसतो. त्याची नैसर्गिक फट अस्थिभंग समजली जाण्याचा संभव असतो.

याच्या उलट बाजूस, क्रेनिओफॅरिंजिअल नलिकेतून घशाच्या छतापाशी उतरलेली ऊती साधी गाठ समजून काढली गेली, तर पीयूषिका ग्रंथीचे स्राव कायमचे बंद पडू शकतात. मेंदूची आवरणे त्या वाटेने उतरली असतील तर मस्तिष्कमेरू द्रवाची गळती ओढवू शकते. म्हणजे एका रचनाभेदाला फार महत्त्व दिल्याने आणि दुसऱ्याला फार कमी दिल्याने रुग्णाचेच नुकसान होते. दोहोंना एकाच सुरात 'दुर्मीळ व महत्त्वाचे' म्हणणारा साचा या फरकाला न्याय देऊ शकत नाही.

मध्यरेषेबाहेरील एका उदाहरणावरून चांगल्या नोंदीचे मोल स्पष्ट होईल. जतुकास्थीत फोरामेन ओव्हेल या छिद्राजवळ काहींना एक लहान अतिरिक्त छिद्र असते. सोळाव्या शतकातील शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसालियस यांच्या नावाने ते ओळखले जाते. त्याच परिसरात अस्थिबंधाचे हाडात रूपांतर होऊन आडवा दांडाही तयार होऊ शकतो. चेहऱ्याच्या तीव्र मज्जातंतुवेदनेवर उपचार करताना गालातून सुई फोरामेन ओव्हेलपर्यंत नेली जाते. तेव्हा अतिरिक्त छिद्रामुळे सुईची वाट चुकू शकते आणि आडव्या दांड्यामुळे ती अडू शकते. या वेदनेचे अनेक रुग्ण दाताचे दुखणे समजून प्रथम दंतवैद्याकडेच जातात. त्या वेळच्या प्रतिमेत हा भेद नोंदला गेला असेल, तर ती नोंद पुढच्या शल्यचिकित्सकाच्या उपयोगी पडते. नोंदीचा खरा वाचक पुष्कळदा असा भविष्यातला असतो.

७. वाचनाची जबाबदारी

संपूर्ण संच वाचण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी मार्गदर्शन उपलब्ध आहे. अमेरिकेतील मुख व जबडा क्ष-किरणशास्त्र अकादमीने २००८ मधील निवेदनात संपूर्ण प्रतिमासंचाच्या वाचनाची अपेक्षा व्यक्त केली. युरोपीय आयोगाच्या २०१२ मधील मार्गदर्शक तत्त्वांत दात व जबड्यापलीकडे जाणाऱ्या प्रतिमांचे वाचन विशेष प्रशिक्षित दंत-क्ष-किरणतज्ज्ञाने किंवा वैद्यकीय क्ष-किरणतज्ज्ञाने करावे, असे म्हटले आहे.

भारतात अशा यंत्रांच्या किरणसुरक्षेचे नियमन अणुऊर्जा नियामक मंडळ करते, आणि मुखवैद्यक व क्ष-किरणशास्त्र ही दंतवैद्यकातील स्वतंत्र पदव्युत्तर शाखा आहे. म्हणजे यंत्रावर देखरेख आहे आणि वाचणारे तज्ज्ञही घडत आहेत. परंतु किरणसुरक्षेच्या परवान्याने वाचनाची हमी मिळत नाही. दंतवैद्याच्या हाती जबड्याच्या मागितलेल्या भागाचे निवडक छेदच पोहोचले, तर क्लायव्हस कोणीही पाहत नाही. अशा वेळी रचनाभेद दुर्मीळ ठरतो तो न पाहिल्यामुळे.

येथे भाषेचाही प्रश्न आहे. मराठीत अशा रचनांना 'विकृती', 'व्यंग', 'दोष' किंवा 'रचनाभेद' यांपैकी कोणताही शब्द सहज वापरला जातो, परंतु रुग्णाच्या मनावर त्यांचा परिणाम अत्यंत भिन्न होतो. 'कवटीच्या हाडात छिद्र आहे' हे वाक्य वस्तुस्थितीस धरून असूनही दिशाभूल करणारे ठरू शकते. 'हा जन्मापासूनचा रचनाभेद आहे, त्याच्या कडा शाबूत आहेत, उपचाराची गरज नाही, मात्र ही नोंद जपून ठेवावी' असे सांगण्यास चार वाक्ये अधिक लागतात, परंतु त्यात माहिती आणि धीर दोन्ही असतात.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) 'दुर्मीळ' हे विशेषण वापरताना तपासलेल्या प्रतिमांची संख्या, प्रतिमेचे क्षेत्र, छेदांची जाडी आणि भेद ठरविण्याचा निकष देणे आवश्यक आहे.

२) एकाच छेदावरून नाव न देता तिन्ही दिशांच्या छेदांत रचनेचा मार्ग, तिची दोन्ही टोके आणि कडांची अखंडता पाहावी. नाव निश्चित होत नसल्यास केवळ वर्णन करणे अधिक प्रामाणिक होय.

३) सीबीसीटीवरून मऊ ऊतींविषयी अनुमान करू नये. रचना आरपार असल्यास, कड तुटलेली असल्यास किंवा लक्षणे असल्यास एमआरआय व तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. इतर ठिकाणी केवळ नोंद पुरेशी मानावी.

४) प्रत्येक प्रसिद्ध नोंदीत पुढे काय केले आणि रुग्णाला काय सांगितले, हे एका परिच्छेदात तरी यावे. समीक्षक मंडळांनी तसा आग्रह धरल्यास साचा बदलण्यास विलंब लागणार नाही.

प्रतिमेत जे आले आहे ते वाचणे हे यंत्र बाळगणाऱ्याचे आणि प्रतिमा मागवणाऱ्याचे कर्तव्य आहे. करोटीतळाच्या नोंदींचे यश त्यांच्या संख्येवरून ठरविता येणार नाही. दातासाठी आलेल्या माणसाची विनाकारण वाढलेली भीती आणि वेळीच न ओळखलेला धोका, या दोहोंपैकी त्या किती टाळू शकल्या, यावरूनच त्यांचे मूल्यमापन होणे उचित ठरेल.